भिंतीपलीकडचे वाचक

मुलांनो, नकाशात अरबस्तानचे द्वीपकल्प शोधा. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्रात पुढे आलेल्या अंगठ्यासारखा एक चिमुकला देश दिसेल. तो कतार. दोहा ही त्याची राजधानी. दोह्याच्या उत्तरेला, समुद्राला लागूनच, लुसैल नावाचे नवे शहर वसले आहे. फुटबॉलची आवड असणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. २०२२ सालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना १८ डिसेंबरला याच शहरात झाला आणि अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवले.

नोकरीच्या निमित्ताने कतारला गेलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत. तेथे रस्त्यावरच्या पाट्या अरबीत आणि इंग्रजीत. मराठी बोलायचे ते घरात. कोपऱ्यावर मराठी पुस्तकांचे दुकान नाही. म्हणून सुट्टीत गावी आलेली मंडळी परत जाताना लोणचे, मेतकूट, मसाला यांच्या जोडीला गोष्टींची चार पुस्तकेही पिशवीत कोंबतात. ती पुस्तके मग वर्षभर पुरवून पुरवून वाचायची. एकच गोष्ट दहादा वाचली, तरी कंटाळा येत नाही. आपल्या भाषेतले पुस्तक हाताशी नसले की त्याची किंमत कळते.

समजा, लुसैलमधल्या अशाच एका घराने नाशिकला परत यायचे ठरवले. सामान जहाजाने येणार. खोके भरायचे काम चालू आहे. आई पुस्तकांचे तीन ढीग करते आहे. पहिला ढीग घरी ठेवायच्या पुस्तकांचा. दुसरा तेथल्याच मराठी मित्रमैत्रिणींना द्यायचा. आणि तिसरा?

"हा नाशिकरोडच्या कारागृहाला द्यायचा. तिथल्या ग्रंथालयासाठी," आई म्हणाली.

चौथीतली मुलगी चमकली. "म्हणजे तुरुंगाला? तुरुंगातल्या लोकांनी तर चोऱ्यामाऱ्या केलेल्या असतात. त्यांना शिक्षा झालेली असते ना? मग त्यांना गोष्टीची पुस्तकं कशाला द्यायची?"

आई म्हणाली, "तू ते जे छातीशी धरलं आहेस, ते पुस्तक कोणतं?"

"श्यामची आई. हे मी कोणालाच देणार नाही!"

"नको देऊस. पण ते कुठं लिहिलं गेलं, ठाऊक आहे तुला?"

तुम्हांला ठाऊक आहे का? 'श्यामची आई' हे पुस्तक तुरुंगात लिहिले गेले. तेही नाशिकच्याच तुरुंगात. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतला म्हणून इंग्रज सरकारने सानेगुरुजींना बंदिवासात टाकले होते. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, गुरुजींनी लिहायला सुरुवात केली आणि सोमवारी, १३ फेब्रुवारीला पहाटे लेखणी खाली ठेवली. अवघे पाच दिवस! आईच्या आठवणी मनात किती दाटून आल्या असतील, पाहा. नंतर बाहेर आल्यावर त्यांनी त्यात आणखी थोडी भर घातली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ साली, सानेगुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तेथेच होते. दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि बंदिवान ऐकायला बसत. असे अठरा रविवार चालले. विनोबा बोलत आणि सानेगुरुजी भराभर लिहून घेत. त्या टिपणांतूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक तयार झाले. आज ते भारतातल्या अनेक भाषांत वाचले जाते. तुरुंगाच्या भिंती उंच असतात खऱ्या. पण ही पुस्तके त्या ओलांडून आपल्या घरापर्यंत आली.

पुस्तके जशी तुरुंगातून बाहेर येतात, तशी बाहेरून आतही जातात. लोकमान्य टिळकांचेच पाहा. १९०८ साली सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि ब्रह्मदेशात मंडाले येथे नेऊन ठेवले. ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. घरापासून इतक्या दूर, समुद्रापलीकडे, लाकडी कोठडीत एकटे राहायचे. टिळकांनी काय करावे? त्यांनी पुण्याहून पुस्तके मागवली. सुरुवातीला सरकारचा हुकूम असा, की एका वेळी चारच पुस्तके जवळ ठेवायची. ज्याला अभ्यास करायचा आहे, त्याला चार पुस्तके कशी पुरणार? टिळकांनी अर्ज केला. मग परवानगी मिळाली. पुस्तके येत गेली, येत गेली आणि सुटकेच्या वेळेपर्यंत त्यांच्यापाशी साडेतीनशे ते चारशे पुस्तके जमली होती!

लिहिण्याच्या बाबतीतही नियम कडक होते. सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या मिळत आणि त्यांची पाने आधीच मोजून, आकडे घालून ठेवलेली असत. एखादे पान फाडून कोणी चिठ्ठी बाहेर पाठवू नये, म्हणून ही काळजी! शाई तर नाहीच. टोक करून दिलेल्या पेन्सिली तेवढ्या मिळत. अशा पेन्सिलींनीच १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' हा मोठा ग्रंथ लिहिला. १९१४ साली ते सुटले आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. पुण्याहून मंडालेला पुस्तके पाठवणाऱ्या माणसांना त्या वेळी तरी वाटले असेल का, की आपण बांधलेल्या गठ्ठ्यांतून असे काही उगवणार आहे?

पंडित नेहरूंनीही एक मोठे पुस्तक कैदेतच लिहिले, १९४४ साली, अहमदनगरच्या किल्ल्यात. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे.

येथे तुमच्यापैकी एखादा हुशार मुलगा हात वर करील. "बाई, पण टिळक आणि सानेगुरुजी काही चोर नव्हते! ते देशासाठी तुरुंगात गेले. आत्ता तुरुंगात असलेली माणसं तशी कुठं आहेत?"

बरोबर आहे. ही शंका रास्त आहे. आज तुरुंगात असलेल्या काही माणसांनी खरोखरच वाईट कृत्ये केली आहेत. कोणाला लुबाडले आहे, कोणाला जखमी केले आहे, कोणाचा जीवही घेतला आहे. ज्यांच्या घरावर तो प्रसंग आला, त्यांचे दुःख एखाद्या पुस्तकाने पुसले जात नाही. ते विसरून चालायचे नाही.

पण तुरुंगात असलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार असतो, असे मात्र समजू नका. तेथे दोन प्रकारचे लोक असतात. ज्यांच्यावरचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला आणि ज्यांना शिक्षा झाली, ते पक्के कैदी. ज्यांचा खटला अजून चालू आहे, ते कच्चे कैदी. त्यांनी गुन्हा केला की नाही, हे अजून ठरायचे आहे. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे सुमारे तीन माणसे अशी कच्च्या कैदेतली आहेत! काहींचा खटला वर्षानुवर्षे चालतो. त्यातले काही जण शेवटी निर्दोष ठरून घरी जातात. मग मधल्या काळात त्यांनी काय करायचे?

आणि जे पक्के कैदी आहेत, त्यांना न्यायाधीशांनी शिक्षा दिली ती कोणती? इतकी वर्षे या भिंतींच्या आत राहायचे, ही. इतकी वर्षे काही वाचायचे नाही, अशी शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिलेली नसते. शिक्षा भोगून झाली की यातली बहुतेक माणसे परत येतात. कोठे येतात? आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत. ती आत असताना वाचायला शिकली, एखादी परीक्षा उत्तीर्ण झाली, तर त्यात त्यांचे आणि आपलेही बरेच आहे. नाशिकला असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे काही कारागृहांतही आहेत. तेथे बसून माणसे पदवीची परीक्षा देतात.

तुरुंगातला दिवस कसा जातो, ठाऊक आहे? पहाटे उठायचे. मोजणी होते. मग नाश्ता, काम, जेवण. पक्क्या कैद्यांना निरनिराळी कामे असतात. कोणी सुतारकाम करतो, कोणी विणकाम, कोणी शेतात राबतो. नाशिकरोडच्या कारागृहात तर बंदी गणपतीच्या सुरेख मूर्ती घडवतात. पण दिवस मावळण्याच्या सुमाराला पुन्हा मोजणी होते आणि बराकीला कुलूप लागते. बराक म्हणजे अनेकांनी मिळून राहायची लांबलचक खोली. ते कुलूप उघडते दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही ज्या वेळी अंगणात लंगडी खेळता, शेजारी जाऊन बसता, त्या वेळी ते दार बंद होते. केवढी लांब ही संध्याकाळ! घरची आठवण येते. आईची तब्येत कशी असेल, मुले शाळेत जात असतील का, असे विचार डोक्यात घोळत राहतात. अशा वेळी ज्याच्या हाती पुस्तक असते, तो तासभर तरी दुसरीकडे जाऊन येतो. एक जण मोठ्याने वाचतो आणि ज्यांना वाचता येत नाही ते भोवती बसून ऐकतात. पुस्तक एक, वाचणारा एक आणि ऐकणारे दहा!

एका पुस्तकाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन शहरासमोर समुद्रात रॉबेन नावाचे बेट आहे. गोऱ्या सरकारच्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्यांना त्या बेटावरच्या तुरुंगात ठेवत. नेल्सन मंडेला तेथे अठरा वर्षे होते. त्याच तुरुंगात सनी वेंकटरत्नम नावाचे भारतीय वंशाचे एक बंदिवान होते. त्यांच्यापाशी शेक्सपिअर या इंग्रज नाटककाराच्या सगळ्या नाटकांचे एक जाडजूड पुस्तक होते. परंतु पहारेकरी धर्मग्रंथाशिवाय दुसरे पुस्तक जवळ ठेवू देईनात. काय युक्ती करावी? घरून दिवाळीची शुभेच्छापत्रे आली होती. त्यांवर देवादिकांची रंगीत चित्रे होती. वेंकटरत्नम यांनी ती चित्रे पुस्तकाच्या वेष्टनावर चिकटवली आणि पहारेकऱ्यांना सांगितले, "हा माझा धर्मग्रंथ!" पुस्तक वाचले! पुढे ते एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत फिरले. ज्याला जो उतारा आवडला, त्याने त्या उताऱ्यापाशी आपली सही केली. मंडेलांची सहीसुद्धा त्यात आहे. तिच्याखालची तारीख आहे १६ डिसेंबर १९७७.

मंडेला पुढे त्या देशाचे अध्यक्ष झाले. बंदिवानांना कसे वागवावे, याचे काही नियम संयुक्त राष्ट्रसंघाने केलेले आहेत. २०१५ साली ते सुधारले, तेव्हा त्यांना मंडेलांचेच नाव देण्यात आले. त्यांतला चौसष्टावा नियम आपल्या विषयाचा आहे. प्रत्येक तुरुंगात ग्रंथालय असावे, ते सगळ्या बंदिवानांसाठी खुले असावे आणि त्यात ज्ञान देणारी व मन रमवणारी, अशी दोन्ही प्रकारची पुरेशी पुस्तके असावीत, असे तो सांगतो. 'मन रमवणारी' हे शब्द मला फार आवडतात. तुरुंगात फक्त उपदेशाचीच पुस्तके द्यावीत, असे पुष्कळांना वाटते. दिवसभर उपदेश ऐकायला तुम्हांला तरी आवडेल का?

ब्राझील देशात तर एक गमतीची सवलत आहे. बंदिवानाने पुस्तक वाचून त्यावर स्वतः लेख लिहायचा. तो तपासून नीट उतरला आहे असे ठरले, की एका पुस्तकामागे शिक्षेचे ४ दिवस कमी होतात. वर्षाला अशी जास्तीत जास्त १२ पुस्तके धरतात. मग वर्षभरात किती दिवस वाचतील? गणित करून पाहा.

आपल्या महाराष्ट्रात पुणे (येरवडा), मुंबई, ठाणे, नाशिकरोड, कोल्हापूर, नागपूर, अमरावती अशा ठिकाणी मोठी मध्यवर्ती कारागृहे आहेत. जिल्ह्यांच्या गावी लहान कारागृहे असतात. त्यांतल्या ग्रंथालयांना पुस्तके द्यायची झाली, तर गठ्ठा उचलून थेट दाराशी जायचे नसते. आधी कारागृहाच्या अधीक्षकांना पत्र लिहायचे. अधीक्षक म्हणजे तेथले प्रमुख अधिकारी. आमच्यापाशी अमुक इतकी पुस्तके आहेत, तुम्हांला चालतील का, असे विचारायचे आणि सोबत पुस्तकांची यादी जोडायची. होकार आला की मग पुस्तके न्यायची. अर्थात हे पत्र मोठ्या माणसांनी किंवा शाळेने लिहायचे. यादी मात्र तुम्ही करू शकता.

पुस्तके आत गेली की आधी तपासली जातात. पानांत काही लपवलेले नाही ना, भांडणे लावणारे काही त्यात नाही ना, हे पाहतात. मग शिक्का बसतो, नोंदवहीत क्रमांक पडतो आणि पुस्तक कपाटात जाते. म्हणून देण्याआधी प्रत्येक पुस्तक आपणच उलटे धरून झटकायचे. जुनी चिठ्ठी, नोट, रेल्वेचे तिकीट, काय काय निघते! पहिल्या पानावर तुमचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक असेल तर तो खोडून टाका. नाव राहिले तर हरकत नाही.

आता पुस्तके निवडायची कशी? रद्दीवाल्याने नको म्हटलेली पुस्तके तुरुंगाला द्यायची, असे काही घरांत चालते. पहिली वीस पाने गेलेली कादंबरी, पाचदहा वर्षांपूर्वीची मार्गदर्शके, कोणीतरी सोडवून टाकलेली शब्दकोडी. कल्पना करा, कुलूप लागले आहे, लांबलचक संध्याकाळ समोर आहे, पुस्तक रंगात आले आहे आणि शेवटची पानेच नाहीत! बाहेरचा माणूस दुसरी प्रत शोधील. आतल्याने काय करावे? पुस्तक जुने असले तरी चालेल, पण ते पुरे असले पाहिजे. पाठ सुटली असेल तर खळ लावून चिकटवा, वर वेष्टन घाला.

गोष्टींची पुस्तके, प्रवासवर्णने, थोरांची चरित्रे, विनोदी कथा, जुने दिवाळी अंक यांना आत नेहमी मागणी असते. शब्दकोश उपयोगी पडतो. शेती, शिवणकाम, विजेची दुरुस्ती यांवरची सोपी पुस्तके सुटल्यावर पोट भरायला मदत करतात. कायदा सोप्या मराठीत समजावून सांगणारी पुस्तके तर फारच हवी असतात. आपल्या खटल्यात काय चालले आहे, हे कळेना झाले की माणूस घाबरतो. म्हाताऱ्या बंदिवानांना मोठ्या अक्षरांची पुस्तके लागतात. आणि ज्यांना मोठेपणी अक्षरओळख करून घ्यायची आहे, त्यांना तुमचे पहिलीचे पुस्तकही लागते. लाजू नका, एखाद्या पन्नाशीच्या काकांनी त्यावर बोट ठेवून 'कमळ' वाचले, तर त्या पुस्तकाचे पांग फिटले.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तुरुंगात लहान मुलेही असतात! त्यांनी काही केलेले नसते. आई तुरुंगात आहे आणि बाहेर सांभाळायला कोणी नाही, अशा मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहू देतात. मुंबईत भायखळ्याला आणि पुण्यात येरवड्याला स्त्रियांची कारागृहे आहेत. तेथे अशी चिमुकली मुले आईबरोबर असतात. त्यांतल्या काहींनी रस्ता पाहिलेला नसतो, गाय पाहिलेली नसते, आगगाडी पाहिलेली नसते. त्यांना ही सारी पहिल्यांदा भेटतात ती चित्रांच्या पुस्तकात.

आणि ज्यांचे वडील किंवा आई आत आहेत, पण जी स्वतः बाहेर आहेत, अशी मुले तर आपल्याच शाळांत शिकतात. कदाचित तुमच्या बाकावरही असतील. ती कोणाला सांगत नाहीत. महाराष्ट्रातल्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम झाला आहे. एरवी जाळीपलीकडून, काचेपलीकडून दिसणारे वडील त्या दिवशी मुलांना जवळ घेऊन बसतात. कित्येक महिन्यांनी भेटलेल्या बाबांशी काय बोलावे, हेच मुलांना सुचत नाही. बाबांनाही सुचत नाही. अशा वेळी मुलाच्या शाळेत चालू असलेली एखादी गोष्ट बाबांनी आत वाचलेली असली, तर बोलायला सुरुवात होते.

तेव्हा या सुट्टीत कपाट आवराल, तेव्हा खालच्या कप्प्यातली चित्रांची पुस्तके आधी काढा. तुम्ही आता मोठे झालात. पानांवर खडूच्या रेघा असतील त्या पुसा. कोपरे दुमडले असतील ते सरळ करा. हत्तीचे पान फाटले असेल तर मागून पातळ कागद लावा. आत त्या पानाला पुष्कळ हात लागणार आहेत.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'श्यामची आई' हे पुस्तक किती दिवसांत लिहिले गेले?
(आ) टिळकांना सुटे कागद का मिळत नसत?
(इ) वेंकटरत्नम यांनी पुस्तकावर काय चिकटवले?

प्र. २. कच्चे कैदी आणि पक्के कैदी यांत फरक काय?

प्र. ३. "त्यांना गोष्टीची पुस्तकं कशाला द्यायची?" असे मुलीने विचारले. तुम्ही आई असता तर तिला काय सांगितले असते? चार ओळी लिहा.

प्र. ४. ब्राझीलमधल्या एका बंदिवानाने वर्षात ७ पुस्तके वाचून लेख लिहिले आणि ते सगळे मान्य झाले. त्याच्या शिक्षेतले किती दिवस कमी झाले?

प्र. ५. कारागृहाच्या ग्रंथालयाला द्यायच्या पाच पुस्तकांची यादी करा. प्रत्येक पुस्तक कोणत्या वाचकासाठी निवडले, ते पुढे लिहा.